एक ओळ कशाची? डेस्कटॉप डेटाबेसची सुरुवात कागदावरून

समजा, प्राण्यांच्या एका दवाखान्याची नोंदवही एक्सेलमध्ये आहे. तारीख, मालकाचे नाव, फोन, पत्ता, प्राण्याचे नाव, प्रकार, वय, वजन, तक्रार, औषध १, औषध २, औषध ३. प्राणी आला की एक ओळ. पहिले सहा महिने ही शीट अगदी गुणाची असते. मग एका मालकीणबाईंचा फोन बदलतो. त्यांचे दोन कुत्रे आणि एक मांजर, तिघांच्या मिळून १४ भेटी झालेल्या, म्हणजे जुना नंबर १४ ठिकाणी. कोणीतरी घाईत डोळ्यांना दिसले तेवढे ११ बदलतो. आता त्या बाईंचे दोन नंबर झाले आणि खरा कोणता, हे शीटला सांगता येत नाही.

अशा वेळी कोणीतरी सल्ला देते, 'डेटाबेस करून टाका.' म्हणून सॉफ्टवेअर उघडले जाते, ते 'टेबल बनवा' म्हणते, आणि आपण तीच रुंदच्या रुंद शीट तिथे नेऊन चिकटवतो. फोन अजूनही १४ ठिकाणीच. वर आता सेल एकत्र करता येत नाहीत, रंग भरता येत नाहीत, आणि तारखेच्या जागी 'गेल्या मंगळवारी' लिहिले तर सॉफ्टवेअर ओरडते. डेटाबेस म्हणजे जरा रागीट एक्सेल, एवढाच अनुभव पदरी पडतो आणि आठवड्याभरात माणूस मूळ शीटकडे परततो. मीही परतलो होतो, दोनदा.

चूक सॉफ्टवेअर उघडण्याआधीच झालेली असते. त्या शीटला एक प्रश्न कधी विचारलाच गेला नाही: तुझी एक ओळ नेमकी कशाची?

आधी कागद

कोरा कागद घ्या आणि उत्तर द्यायचा प्रयत्न करा. ओळ मालकाची आहे का? नाही, मालक १४ वेळा आलाय. प्राण्याची? तीही नाही. ओळ आहे भेटीची. मग भेटीच्या ओळीत मालकाचा पत्ता काय करतोय? भेट बदलली म्हणून पत्ता बदलत नाही. त्याची जागा दुसरीकडे आहे.

म्हणजे या एका शीटमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी दाटीवाटीने बसल्या आहेत: मालक, प्राणी आणि भेट. तिघांची तीन टेबले करायची. मालकांच्या टेबलात एक ओळ म्हणजे एक मालक. प्राण्यांच्या टेबलात एक ओळ म्हणजे एक प्राणी. भेटींच्या टेबलात एक ओळ म्हणजे एक भेट. टेबलाच्या ओळीला डेटाबेसच्या भाषेत रेकॉर्ड म्हणतात आणि रकान्याला फील्ड. या दोन शब्दांवर बराच वेळ काम भागते.

आता जुन्या शीटचा एकेक रकाना उचलून त्याच्या घरी सोडायचा. फोन आणि पत्ता मालकाकडे. प्रकार प्राण्याकडे. तक्रार भेटीकडे. इथपर्यंत सोपे आहे. वजन कुठे? पहिल्यांदा करणारे बहुतेक जण वजन प्राण्याकडे ठेवतात, कारण वजन प्राण्याचेच असते ना! पण पिल्लाचे वजन दर भेटीला वेगळे भरते. प्राण्याच्या ओळीत एकच खाना ठेवला, तर नवे वजन लिहिताना जुने पुसले जाईल, आणि 'गेल्या तीन महिन्यांत याचे वजन घटले का' हे डॉक्टरांना कळायची सोयच उरणार नाही. वजन भेटीचे आहे. याउलट वय कुठेच ठेवायचे नाही. आज लिहिलेले वय पुढच्या वर्षी खोटे ठरते. जन्मतारीख प्राण्याकडे ठेवा, नक्की माहीत नसेल तर अंदाजाची ठेवा. वय हवे तेव्हा हिशेब करून निघते.

राहिली ती तीन औषधे. 'औषध १, औषध २, औषध ३' असे नंबर दिलेले रकाने दिसले की थांबायचे. चौथे औषध लिहून दिले तर? आणि अमुक औषध कोणाकोणाला दिले हे शोधायचे तर तीन रकाने चाळावे लागणार. नंबर घातलेले रकाने म्हणजे आत एक टेबल गुदमरतेय. ते बाहेर काढा: एक ओळ म्हणजे एका भेटीत दिलेले एक औषध. तीन औषधे दिली तर तीन ओळी, एकही दिले नाही तर ओळच नाही.

या विचाराला पन्नास वर्षांहून जास्त काळ लोटला. १९७० मध्ये आयबीएमच्या सॅन होजे येथील संशोधन केंद्रात काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. तोवर माहिती यंत्रात कुठे आणि कोणत्या साखळीने ठेवली आहे, हे ती मागणाऱ्या प्रोग्रामरला माहीत असावे लागे. साखळी बदलली की प्रोग्राम मोडला. कॉड म्हणाले, माहिती साध्या टेबलांत ठेवा, टेबले एकमेकांशी त्यांच्यातल्या मूल्यांनीच जोडा, आणि वापरणाऱ्याने फक्त काय हवे ते सांगावे. ते कुठून आणायचे हे यंत्राने बघावे. या कामासाठी त्यांना १९८१ मध्ये संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. टेबले कशी फोडावीत याचे नियम 'नॉर्मलायझेशन' या भारदस्त नावाखाली शिकवले जातात. नावाला बिचकू नका. आपण आत्ता कागदावर केले ते बरेचसे तेच.

कागद बाजूला ठेवण्याआधी त्याच्या मागच्या बाजूला दहा प्रश्न लिहा, जे तुम्ही या डेटाबेसला विचारणार आहात. कोणाची लस पुढच्या महिन्यात आहे? वर्षभर न आलेले प्राणी कोणते? मग प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तुमच्या टेबलांतून निघते का ते ताडून बघा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पुढच्या लसीची तारीख कुठेच लिहिली जात नसेल, तर कोणतेही सॉफ्टवेअर ती काढून देणार नाही.

क्रमांक आणि नाती

टेबले वेगळी झाली, पण भेट कोणत्या प्राण्याची हे कसे कळणार? नाव लिहून? दवाखान्यात 'मोती' नावाचे कुत्रे किती असतील याचा विचार करा. मोबाईल नंबर ओळख म्हणून वापरावा असा मोह होतो, पण नंबर बदलतो आणि घरातल्या दोघांचा एकच असू शकतो. म्हणून प्रत्येक ओळीला सॉफ्टवेअरकडूनच एक क्रमांक घ्यायचा, ज्याला काहीही अर्थ नाही आणि जो कधी बदलणार नाही. ही प्रायमरी की. प्राणी क्रमांक ४१ म्हणजे ४१, मग त्याचे नाव मोतीचे शेरू झाले तरी.

भेटीच्या ओळीत मग फक्त '४१' लिहिले जाते. दुसऱ्या टेबलातला क्रमांक असा पाहुणा म्हणून आला की त्याला फॉरेन की म्हणतात. प्राण्याच्या ओळीत त्याच पद्धतीने मालकाचा क्रमांक. भेटीवरून प्राणी सापडतो, प्राण्यावरून मालक, मालकावरून फोन, आणि फोन आता जगात एकाच ठिकाणी लिहिलेला आहे.

नवशिक्यांना एक गोष्ट फार टोचते: सॉफ्टवेअरने आपोआप दिलेल्या या क्रमांकांत, म्हणजे ऑटोनंबरमध्ये, फटी पडतात. ४१ नंतर एकदम ४३. ४२ ची नोंद सुरू करून सोडून दिली किंवा नंतर पुसली असेल. पडू द्या. तो क्रमांक मोजण्यासाठी नाहीच, ओळखण्यासाठी आहे. पावतीला सलग क्रमांक हवा असेल तर त्याचा वेगळा रकाना ठेवा.

नाते सॉफ्टवेअरला सांगता येते, आणि सांगायलाच हवे. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये रिलेशनशिप्सच्या खिडकीत एका टेबलातला क्रमांक ओढून दुसऱ्यावर टाकला की रेघ जोडली जाते, आणि तिथेच 'एन्फोर्स रेफरेन्शियल इंटेग्रिटी' अशी एक चौकट असते. तिच्यावर खूण करा. मग अस्तित्वात नसलेल्या प्राण्याची भेट नोंदवता येत नाही, आणि भेटी शिल्लक असताना प्राणी पुसता येत नाही. एस्क्यूलाइट या दुसऱ्या, मोफत डेटाबेसचे मूळ इंजिन ही तपासणी मुद्दाम चालू केल्याशिवाय करत नाही, हे लक्षात असू द्या. त्याच ॲक्सेसच्या खिडकीत 'कॅस्केड डिलीट' म्हणजे मालक पुसला की त्याचे प्राणी, त्यांच्या भेटी सगळे आपोआप पुसण्याची सोयही असते. सुरुवातीला तिच्या वाटेला जाऊ नका.

आणि एका मांजराचे दोन मालक असले तर? बहीण-भाऊ दोघेही आलटून पालटून आणतात, दोघांचे फोन हवेत. एका मालकाचे अनेक प्राणी आणि एका प्राण्याचे अनेक मालक, असे दोन्हीकडून 'अनेक' आले की मध्ये एक छोटे टेबल घालायचे, ज्यात एक ओळ म्हणजे 'या मालकाचा या प्राण्याशी संबंध'. रकाने दोनच: मालक क्रमांक आणि प्राणी क्रमांक. पुन्हा तोच प्रश्न, ओळ कशाची? यावेळी ती कोणत्या वस्तूची नाही, नात्याची आहे. हे एकदा डोक्यात बसले की पुढचे बरेचसे आपसूक सुटते.

सॉफ्टवेअर कोणते?

हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात. मला तो तितका मोठा वाटत नाही, म्हणून थोडक्यात. डेस्कटॉप डेटाबेसचे दोन भाग असतात: माहिती सांभाळणारे इंजिन आणि आपल्याला दिसणारे फॉर्म, बटणे, छापील रिपोर्ट. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस १९९२ मध्ये आले तेव्हापासून दोन्ही एकत्र देते, आणि शिकण्यासाठी साहित्य भरपूर आहे. ते फक्त विंडोजवर चालते, ऑफिसच्या सगळ्या आवृत्त्यांत मिळत नाही, आणि त्याची एक फाइल २ गिगाबाइटच्या पलीकडे जात नाही. नुसत्या मजकुराला ही जागा खूप झाली. त्यात फोटो कोंबू नका, फोटो फोल्डरमध्ये ठेवा आणि टेबलात त्यांचा पत्ता.

लिबरऑफिसमधले बेस मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालते. फॉर्म बनवताना ते थोडे हट्टीपणा करते, धीर हवा. एस्क्यूलाइट हे रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये आणलेले निव्वळ इंजिन. अख्खा डेटाबेस एका फाइलमध्ये, आणि त्याचा कोड कोणाच्याच मालकीचा नाही. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये ते आत्ताही चालू आहे. त्याला खिडकी हवी, आणि ती 'डीबी ब्राउझर फॉर एस्क्यूलाइट' हे मोफत सॉफ्टवेअर देते. क्लॅरिस कंपनीचे फाइलमेकर दिसायला देखणे आणि हाताळायला सुखाचे आहे, पण विकतचे आहे.

माझे मत विचाराल, तर संगणकावर ॲक्सेस आधीपासून असेल तर तेच वापरा. नसेल आणि टेबले, क्वेरी (टेबलांना विचारायचे प्रश्न) नीट समजून घ्यायच्या असतील, तर डीबी ब्राउझर. तिथे फॉर्मची सजावट नसल्यामुळे लक्ष मुद्द्यावर राहते. रोज भरायचे फॉर्म आणि छापील रिपोर्ट मोफत हवे असतील तर बेस.

रकान्याला प्रकार असतो

एक्सेलमध्ये कोणत्याही खान्यात काहीही लिहिता येते, आणि लिहिलेले एक्सेल स्वतःच्या समजुतीने बदलते. जनुकांच्या नावांचे हे होत असे: 'मार्च१', 'सेप्ट१' अशी लघुनावे टाकली की एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकी. अखेर मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या ह्यूगो समितीने २०२० मध्ये जनुकांचीच नावे बदलली. त्याच वर्षी इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोविडचे १५,८४१ रुग्ण काही दिवस मोजणीतून गळाले. प्रयोगशाळांचे निकाल जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये ओढले जात होते, आणि त्या फाइलला ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. जादा ओळी हाक ना बोंब करता गायब झाल्या. आजच्या एक्सेलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, म्हणजे भिंत नुसती लांब गेली.

डेटाबेसमध्ये रकान्याचा प्रकार आधी सांगावा लागतो: मजकूर, संख्या, तारीख, होय-नाही. ठरवायचा निकष सोपा आहे. त्याची बेरीज-वजाबाकी करणार का? फोन नंबरांची बेरीज कोणी करत नाही, म्हणून फोन हा मजकूर. संख्या म्हणून ठेवला तर सुरुवातीचे शून्य उडते आणि अधिकचे चिन्ह लिहिता येत नाही. पिनकोडचेही तसेच. पैशांसाठी ॲक्सेसमध्ये 'करन्सी' हा वेगळा प्रकार आहे, तो घ्या. 'डबल' या साध्या अपूर्णांकी प्रकारात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज यंत्राच्या पोटात नेमकी ०.३ होत नाही, आणि ताळेबंद जुळवताना ही कणभर तफावत तासन् तास खाते.

तारखेला तारखेचाच प्रकार द्या. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हा घोळ संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगवर अवलंबून असतो. एस्क्यूलाइटमध्ये तारखेचा स्वतंत्र प्रकारच नाही. तिथे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा मजकूर लिहायचा, महिना आणि दिवस दोन-दोन आकड्यांत, म्हणजे क्रम आपोआप बरोबर लागतो.

प्राण्याचा प्रकार हाताने लिहू देऊ नका. एक जण 'कुत्रा' लिहील, दुसरा 'श्वान', तिसरा 'कुत्रा' लिहून पुढे स्पेस सोडेल. प्रकारांचे एक छोटे टेबल करा आणि फॉर्मवर त्यातून निवडायची यादी द्या.

रिकाम्या खान्याचेही प्रकरण आहे. रिकामे म्हणजे शून्य नव्हे. वजन घेतलेच नाही ते रिकामे, आणि शून्य वजनाचा प्राणी नसतोच. डेटाबेस रिकाम्याला 'नल' म्हणतो आणि त्याचा अर्थ 'माहीत नाही' असा घेतो. सरासरी काढताना असे खाने तो धरत नाही. तुम्ही त्या जागी शून्य भरलेत, तर सरासरी दाणकन खाली येईल.

मराठी मजकुराचे काही हट्ट

हे इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर. 'ॲना' हे नाव दोन तऱ्हांनी टाइप होते. एकात 'ॲ' हे एकसंध अक्षर असते, दुसऱ्यात 'अ' वर वेगळा चंद्र चढवलेला असतो. पडद्यावर फरक दिसत नाही, पण आतले संकेत, म्हणजे यंत्र अक्षर ज्या आकड्यांनी साठवते ते, वेगळे. 'बोऱ्हाडे' मधला अर्धा ऱ्ह असाच दोन वाटांनी येतो. एस्क्यूलाइटसारखे इंजिन आतले संकेत तंतोतंत जुळवते, म्हणून समोर दिसणारे नाव शोधले तरी 'सापडले नाही' असे उत्तर मिळते आणि आपण स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेतो. उपाय म्हणजे सगळी भरती एकाच कीबोर्डने करणे, आणि शोध शक्य तेव्हा क्रमांकावर ठेवणे. 'कुलकर्णी' आणि 'कुळकर्णी' यांचा तंटा मात्र कोणतेच इंजिन सोडवणार नाही.

अकारविल्हे लावतानाही गंमत होते. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. संकेतांच्या क्रमाने लावणाऱ्या इंजिनात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो, आणि 'क्षमा' क च्या रांगेत शेवटी, 'कौमुदी'च्याही मागे. चूक म्हणून शोधत बसू नका. आणि संख्येच्या रकान्यात आकडे इंग्रजी कीबोर्डनेच भरा. देवनागरी आकड्यांत लिहिलेले १२ एस्क्यूलाइटला अक्षरेच वाटतात.

जुनी शीट आत आणताना ती सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) म्हणून जतन करत असाल, तर यूटीएफ-८ हा मराठी अक्षरे नीट जपणारा पर्याय निवडा, आणि आयात करतानाही तोच सांगा. ॲक्सेसच्या आयात खिडकीत 'ॲडव्हान्स्ड' बटणाखाली 'कोड पेज' म्हणून यादी असते, तिच्यात यूटीएफ-८ निवडा. हे विसरलात तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा गिचमीड येईल. आयात केलेली शीट थेट खऱ्या टेबलांत ओतू नका. तिला एका कच्च्या टेबलात उतरवा, तिथे नावे एकसारखी करा, मग मालक, प्राणी, भेटी या क्रमाने वाटून टाका. क्रम महत्त्वाचा, कारण मालक नसताना त्याचा प्राणी आत येऊ शकत नाही. मी एकदा भेटींपासून सुरुवात केली आणि रांगेने आलेले नकार वाचत बसलो.

प्रश्न विचारणे

क्वेरी म्हणजे टेबलांना विचारलेला प्रश्न. ॲक्सेस आणि बेसमध्ये रकाने ओढून, खाली अट लिहून ती बनते. पण त्यामागे एसक्यूएल ही भाषा असते, आणि तिचे चार शब्द लवकर शिकून घ्यावेत. सिलेक्ट म्हणजे कोणते रकाने, फ्रॉम म्हणजे कोणत्या टेबलातून, व्हेअर म्हणजे अट, ऑर्डर बाय म्हणजे क्रम. आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये ती मांडली तेव्हा तिचे नाव 'सीक्वेल' होते. ते नाव व्यापारी हक्कामुळे सोडावे लागले, उच्चार अनेकांच्या तोंडी राहिला.

नवशिका तीन जागी हमखास ठेचकाळतो. पहिली, टेबले जोडल्यावर ओळी कमी होणे. प्राणी आणि भेटी जोडून यादी काढली, तर जो प्राणी नोंदवून ठेवला पण अजून एकदाही आला नाही, तो यादीतून गायब. साधी जोडणी दोन्हीकडे जुळणाऱ्याच ओळी देते. सगळे प्राणी हवे असतील तर 'लेफ्ट जॉइन' लागतो. ॲक्सेसमध्ये जोडरेघेवर दोनदा क्लिक केले की तीन पर्याय दिसतात, त्यांत तो आहे. 'कधीच न आलेले कोण' हा प्रश्न तर याशिवाय धड विचारताच येत नाही: सगळे प्राणी घ्या आणि ज्यांच्या भेटीचा रकाना नल आहे तेवढेच ठेवा.

दुसरी, नल पुन्हा आडवा येतो. 'प्रकार कुत्रा नाही' अशी अट दिली, तर ज्यांचा प्रकार रिकामा आहे ते प्राणीही उत्तरात येत नाहीत. यंत्राचे म्हणणे असे की, प्रकारच माहीत नाही, तर तो कुत्रा नाही हे मी कशावरून सांगू? तर्क बरोबर आहे, फक्त आपल्याला तो सवयीचा नसतो. रिकामे हवे असतील तर वेगळे मागा.

तिसरी जागा धोक्याची. क्वेरीचे उत्तर ही प्रत नसते. ॲक्सेसमध्ये अनेक क्वेरींच्या उत्तरात थेट बदल करता येतो आणि तो मूळ टेबलात जातो. यादी आटोपशीर व्हावी म्हणून मी एकदा उत्तरातल्या 'नको असलेल्या' सहा ओळी निवडून डिलीट केल्या. त्या भेटी दुसऱ्या दिवशी शोधल्या तेव्हा प्रकाश पडला. ओळी पुसणारी किंवा बदलणारी क्वेरी लिहायची असेल, तर तीच अट घालून आधी फक्त दाखवणारी क्वेरी चालवा, किती ओळी येतात ते मोजा, आणि मगच पुसा. अट लिहायची राहिली तर अख्खे टेबल रिकामे होते.

शब्दाचा थोडाच भाग माहीत असताना शोध घ्यायचा, तर उरलेल्या भागाच्या जागी ॲक्सेस ताऱ्याचे चिन्ह (*) वापरते, एस्क्यूलाइट टक्क्याचे (%). बाहेरून उचललेली क्वेरी काहीच शोधत नसेल, तर आधी हे तपासा.

फॉर्म आणि रिपोर्ट यांबद्दल इथे फार लिहीत नाही, कारण टेबले बरोबर असली तर विझार्ड, म्हणजे एकेक प्रश्न विचारत काम उरकणारी सॉफ्टवेअरमधली सोय, ते बनवून देतो. फॉर्म भरण्यासाठी, रिपोर्ट छापण्यासाठी. एक फॉर्म मात्र स्वतः करून बघण्यासारखा आहे: वर प्राण्याची माहिती, खाली त्याच्या सगळ्या भेटींची जाळी. याला सबफॉर्म म्हणतात. त्यात नवी भेट लिहिली की प्राण्याचा क्रमांक आपोआप भरला जातो, आणि ४१ की ४३ हे कोणालाच लक्षात ठेवावे लागत नाही.

सेव्ह कुठे असते?

वर्ड-एक्सेलची सवय इथे दगा देते. ॲक्सेसमध्ये तुम्ही ओळीवरून पुढे सरकलात की ती तिथल्या तिथे जतन होते. डावीकडे पेन्सिलचे चिन्ह दिसतेय तोवर एस्केप दाबून मागे फिरता येते, ते गेले की झाले. 'सेव्ह न करता बंद करतो' ही पळवाट इथे नाही. डीबी ब्राउझरमध्ये बरोबर उलटे: 'राइट चेंजेस' दाबेपर्यंत फाइलमध्ये काहीच जात नाही. बेसमध्ये नोंदी, फॉर्म, क्वेरी झाल्यावर मुख्य फाइलही सेव्ह करायची. दोन सॉफ्टवेअर आलटून पालटून वापरणाऱ्याने हे कागदावर लिहून पडद्याला चिकटवावे.

ओळी पुसल्या तरी फाइलचा आकार घटत नाही, याने घाबरू नका. मोकळी जागा आत तशीच राहते. ॲक्सेसमध्ये 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर', एस्क्यूलाइटमध्ये 'व्हॅक्यूम' केले की ती आवळली जाते.

बॅकअप म्हणजे फाइलची प्रत, पण डेटाबेस बंद असताना घेतलेली. ॲक्सेसची फाइल उघडी असताना शेजारी त्याच नावाची एक छोटी कुलूप-फाइल दिसते. ती असेपर्यंत प्रत घेऊ नका, अर्धवट लिहिलेली स्थिती उचलली जाऊ शकते. याच कारणासाठी ही फाइल क्लाउडशी (इंटरनेटवरच्या साठ्याशी) आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये उघडून काम करणे टाळा. दोघांनी एकाच वेळी उघडली की सिंक करणारा प्रोग्राम दोन आवृत्त्या करतो, आणि त्या ओळीओळीने जुळवत बसायचे काम आपल्याकडे येते. दोघांना खरोखर एकदम काम करायचे असेल, तर ॲक्सेसमध्ये टेबलांची फाइल वेगळी करून ती ऑफिसातल्या नेटवर्कवर ठेवतात आणि फॉर्मची फाइल प्रत्येकाच्या संगणकावर. वेगवेगळ्या गावांतून वापरायचे असेल, तर पोस्टग्रेसक्यूएलसारखा, एका मध्यवर्ती संगणकावर चालणारा डेटाबेस सर्व्हर हवा.

प्रतीच्या नावात तारीख घाला, आधी वर्ष, म्हणजे फोल्डरमध्ये क्रमाने लागतील. महिन्यातून एकदा त्यांतली एखादी प्रत दुसऱ्या संगणकावर उघडा, भेटींचे टेबल मोजा, आणि आकडा त्या तारखेच्या नोंदींशी जुळतो का ते बघा.